‘पेमेंट अजून आलेलं नाही’ हे इंग्रजीत नीट कसं लिहायचं? ‘हॅज बीन’ आणि क्रियाविशेषणाची जागा



बिझनेस इंग्लिशच्या व्हिडिओत आपण ‘हॅज बीन’ची वाक्यं पाहिली. तो व्हिडिओ छोटा होता, म्हणून आज हा भाग सविस्तर, लिहून. विषय व्याकरणाचा आहे, पण परीक्षेसाठी नाही. तुमचा माल, तुमचं बिल आणि तुमचे पैसे यांच्याबद्दल तुम्ही जे मेल लिहिता, त्यांच्यासाठी आहे.

एक सूचना आधीच देते. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, म्हणजे मोठ्याने वाचता येतील आणि कानाला सवय होईल. मेलमध्ये अर्थातच ती इंग्रजी लिपीत टाइप करायची.

हे शिकून मला काय मिळणार?

गावातल्या गिऱ्हाइकाला आपण फोन करतो, ‘दादा, बिलाचं बघा जरा’. तिथे इंग्रजीचा प्रश्नच येत नाही. पण धंदा जरा वाढला, बेंगळुरूची किंवा हैदराबादची कंपनी ऑर्डर द्यायला लागली, की समोर अकाउंट्स डिपार्टमेंट येतं. त्यांच्याशी बोलणं मेलवर. तिथे तुमचा आवाज नाही, चेहरा नाही, ओळख नाही. फक्त लिहिलेलं वाक्य आहे. आणि उद्या वाद झाला तर तेच वाक्य पुरावा म्हणून बाहेर येतं.

संपूर्ण लेखासाठी आपण एकच उदाहरण धरू. समजा, सांगलीत तुमचं हळद पावडरचं छोटं युनिट आहे. तुम्ही हळद आणता, दळता, पॅक करता. बेंगळुरूच्या एका कंपनीने १० किलोच्या २० बॅगा, म्हणजे २०० किलोची ऑर्डर दिली. बिल सगळं धरून ६०,००० रुपये. माल ५ जूनला निघाला, ७ जूनला पोचला. पर्चेस ऑर्डरमध्ये क्रेडिट ३० दिवसांचं, म्हणजे पैसे ७ जुलैपर्यंत यायला हवेत.

आता या व्यवहारात लागणारं प्रत्येक वाक्य आपण नीट बसवू.

आधी साचा पक्का करू

सरकारी पत्र आठवा. ‘आपला अर्ज मंजूर करण्यात आला आहे.’ कोणी मंजूर केला? साहेबांनी, की क्लार्कने? ते सांगितलेलं नाही. काम झालं आहे, आणि त्याचा परिणाम आत्ता लागू आहे, एवढंच सांगितलं आहे. इंग्रजीतला प्रेझेंट परफेक्ट पॅसिव्ह म्हणजे नेमकं हेच, ‘करण्यात आलं आहे’.

साचा असा: वस्तू + हॅज किंवा हॅव + बीन + क्रियापदाचं तिसरं रूप.

‘द इन्व्हॉइस हॅज बीन सेंट.’ बिल पाठवण्यात आलं आहे.
‘द गुड्स हॅव बीन डिस्पॅच्ड.’ माल रवाना करण्यात आला आहे.

साच्यात तीन चुका सर्रास दिसतात. मी स्वतः दुकान चालवते, सप्लायरचे मेल रोज वाचते, त्यामुळे या चुका मला पाठ झाल्या आहेत.

१. ‘बीन’ गायब. ‘पेमेंट हॅज नॉट रिसीव्ड.’ याचा अर्थ ‘पेमेंटने काही स्वीकारलं नाही’ असा होतो. बरोबर: ‘द पेमेंट हॅज नॉट बीन रिसीव्ड.’

२. ‘हॅज बीन’ऐवजी ‘इज बीन’. ‘युवर ऑर्डर इज बीन डिस्पॅच्ड’ हे वाक्य इंग्रजीत बसतच नाही. ‘बीन’च्या आधी हॅज, हॅव किंवा हॅड लागतं, ‘इज’ कधीच नाही.

३. ‘गुड्स हॅज’. मराठीत माल एकवचनी, पण इंग्रजीत ‘गुड्स’ कायम अनेकवचनी. म्हणून ‘द गुड्स हॅव बीन’. ‘मटेरियल’, ‘कन्साइनमेंट’, ‘पेमेंट’, ‘इन्व्हॉइस’ एकवचनी असतील तेव्हा ‘हॅज’.

साचा झाला. आता खरा विषय.

क्रियाविशेषण कुठे घालायचं?

क्रियाविशेषण म्हणजे काम कधी, कसं, किती प्रमाणात झालं हे सांगणारा शब्द. आधीच, नुकतंच, अजून, पूर्णपणे, अर्धवट, व्यवस्थित. मराठीत हे शब्द आपण हवे तिथे ठेवतो. ‘अजून पेमेंट आलेलं नाही’, ‘पेमेंट अजून आलेलं नाही’, ‘पेमेंट आलेलं नाही अजून’. तिन्ही चालतं. ही सवय आपण इंग्रजीत नेतो आणि ‘स्टिल पेमेंट नॉट रिसीव्ड’ किंवा ‘ऑलरेडी गुड्स हॅव बीन सेंट’ असं लिहून बसतो. समोरच्याला अर्थ कळतो, पण मेल कच्चा वाटतो.

औपचारिक इंग्रजीत या शब्दांच्या ठरलेल्या जागा आहेत. मुख्य जागा तीन.

*पहिली जागा: हॅज आणि बीन यांच्या मध्ये.*
इथे वेळेशी संबंध असलेले छोटे शब्द येतात. ऑलरेडी म्हणजे आधीच, जस्ट म्हणजे आत्ताच, रिसेंटली म्हणजे नुकतंच, नेव्हर म्हणजे कधीच नाही, ऑल्सो म्हणजे सुद्धा, आणि नॉट येट म्हणजे अजून नाही.

‘द गुड्स हॅव ऑलरेडी बीन डिस्पॅच्ड.’
‘द रेट्स हॅव रिसेंटली बीन रिव्हाइज्ड.’
‘द पेमेंट हॅज नॉट येट बीन रिसीव्ड.’

*दुसरी जागा: बीन आणि तिसरं रूप यांच्या मध्ये.*
इथे काम कसं आणि किती झालं हे सांगणारे शब्द येतात. फुली म्हणजे पूर्ण, पार्शली म्हणजे काही भाग, प्रॉपर्ली म्हणजे व्यवस्थित, केअरफुली म्हणजे काळजीपूर्वक, सिक्युअरली म्हणजे पक्कं, इनकरेक्टली म्हणजे चुकीचं, टेम्पररिली म्हणजे तात्पुरतं.

‘द बॅग्ज हॅव बीन सिक्युअरली सील्ड.’
‘द ऑर्डर हॅज बीन पार्शली डिलिव्हर्ड.’
‘द जीएसटी नंबर हॅज बीन इनकरेक्टली एंटर्ड.’

*तिसरी जागा: वाक्याच्या शेवटी.*
इथे लांब शब्दसमूह येतात. सो फार किंवा टू डेट म्हणजे आजपर्यंत, ट्वाइस म्हणजे दोनदा, सिन्स ७ जून म्हणजे ७ जूनपासून, फॉर टू वीक्स म्हणजे दोन आठवडे.

‘ओन्ली १२ बॅग्ज हॅव बीन डिलिव्हर्ड सो फार.’
‘द अकाउंट हॅज बीन ब्लॉक्ड सिन्स ७ जून.’

दोन शब्द एकाच वाक्यात हवे असतील तर प्रत्येकाला आपापल्या जागी बसवा:

‘द ऑर्डर हॅज ऑलरेडी बीन पार्शली डिलिव्हर्ड.’

वेळेचा शब्द ‘बीन’च्या आधी, प्रमाणाचा शब्द ‘बीन’च्या नंतर. एवढं एक वाक्य पाठ केलंत तरी निम्मं काम झालं. मराठी अर्थाशी जोडून ठेवा: ‘कधी’ बीनच्या आधी, ‘कसं आणि किती’ बीनच्या नंतर.

थोडी सूट आहे. ‘रिसेंटली’ दुसऱ्या जागीही चालतो, ‘येट’ शेवटी गेला तरी चालतो: ‘द पेमेंट हॅज नॉट बीन रिसीव्ड येट’. हे चूक नाही, फक्त बोलण्याच्या जवळचं आहे. औपचारिक पत्रात ‘नॉट येट बीन’ जास्त शोभतं. ‘स्टिल’ मात्र सहसा ‘हॅज नॉट’च्या आधी ठेवतात: ‘द पेमेंट स्टिल हॅज नॉट बीन रिसीव्ड’. ‘येट’ आणि ‘स्टिल’मध्ये सुराचा फरक आहे. ‘नॉट येट’ म्हणजे साधं ‘अजून नाही’. ‘स्टिल नॉट’मध्ये ‘एवढं सांगूनही नाही’ अशी नाराजी येते. पहिल्या मेलमध्ये ‘स्टिल’ नको.

शब्द एकच बदलतो, हिशेब बदलतो

इथे जरा थांबून वाचा, कारण खरे पैसे इथे अडकतात.

*फुली आणि नॉट.* कंपनीकडून तुम्हाला एक रुपयाही आलेला नाही, आणि तुम्ही लिहिलंत:

‘द इन्व्हॉइस हॅज नॉट बीन फुली पेड.’

तुमच्या मनात अर्थ आहे, ‘बिल अजिबात भरलेलं नाही’. पण वाक्याचा अर्थ निघतो, ‘बिल पूर्ण भरलेलं नाही’. म्हणजे थोडं भरलं आहे. आता अकाउंट्सवाला विचारणार, पार्ट पेमेंट किती मिळालं, त्याचा तपशील पाठवा. तुम्ही सांगणार, काहीच मिळालं नाही. तो सांगणार, तुमच्याच मेलमध्ये लिहिलं आहे. या देवाणघेवाणीत आठवडा सहज जातो.

काहीच आलं नसेल तर ‘फुली’ काढा: ‘द इन्व्हॉइस हॅज नॉट येट बीन पेड.’
काही आलं असेल तर आकडा द्या: ‘द इन्व्हॉइस हॅज बीन पार्शली पेड. २०,००० रुपीज हॅव बीन रिसीव्ड, अँड ४०,००० रुपीज आर पेंडिंग.’

‘पार्शली’ एकटा कधीच पाठवू नका. आकड्याशिवाय त्या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या सोयीने लावतात.

*ओन्ली.* ‘ओन्ली १२ बॅग्ज हॅव बीन रिसीव्ड’ म्हणजे फक्त १२ बॅगा मिळाल्या, ८ कमी आहेत. ‘१२ बॅग्ज हॅव ओन्ली बीन रिसीव्ड’ म्हणजे १२ बॅगा फक्त मिळाल्या आहेत, पुढचं काही, तपासणी वगैरे, झालेलं नाही. कमी माल आल्याची तक्रार करायची असेल तर ‘ओन्ली’ आकड्याला चिकटूनच हवा.

*जस्ट आणि रिसेंटली.* ‘द ऑर्डर हॅज जस्ट बीन डिस्पॅच्ड’ वाचल्यावर समोरचा समजतो, आत्ता, तासाभरापूर्वी. तुम्ही परवा पाठवलेल्या मालाला ‘जस्ट’ लावलंत तर त्याचा पोचण्याचा अंदाज चुकतो, आणि ट्रान्सपोर्टवाल्यापेक्षा आधी तुम्हाला फोन येतो. ‘रिसेंटली’ उलट फार ढिला शब्द आहे. डिस्पॅचच्या मेलमध्ये दोन्ही टाळून सरळ तारीख द्यावी. ती कशी, ते पुढे येतंच आहे.

*ऑलरेडी.* हा शब्द खरा असूनही कधीकधी टोचतो. गिऱ्हाइकाने बिल मागितलं आणि तुम्ही लिहिलंत, ‘द इन्व्हॉइस हॅज ऑलरेडी बीन सेंट’, तर सूर लागतो, ‘पाठवलंय ना, बघा की’. त्यापेक्षा: ‘द इन्व्हॉइस वॉज सेंट ऑन ७ जून. अ कॉपी इज अटॅच्ड अगेन.’ माहिती तीच, पण समोरच्याचा मान राहतो. उलट हाच ‘ऑलरेडी’ समोरच्याला सोय देण्यासाठी वापरला तर फार गोड लागतो: ‘इफ द पेमेंट हॅज ऑलरेडी बीन मेड, प्लीज शेअर द यूटीआर नंबर.’ म्हणजे, तुम्ही भरलं असेल तर राग मानू नका, फक्त नंबर द्या. वसुलीच्या मेलमधलं हे माझं सर्वात आवडतं वाक्य आहे. पैसे भरले असतील तर नंबर मिळतो, भरले नसतील तर समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.

*ड्युली.* हा शब्द छापील चलनांवर खूप असतो: ‘द गुड्स हॅव बीन ड्युली रिसीव्ड इन गुड कंडिशन.’ ड्युली म्हणजे रीतसर, जसं व्हायला हवं तसं. तुम्ही स्वतः कच्चा माल घेता तेव्हा पोती न मोजता, न उघडता या ओळीखाली सही करू नका. नंतर १० किलो ओलं निघालं तर तुमची सहीच तुमच्या विरोधात बोलते. मोजलं आहे पण तपासलं नाही, तर पेनाने तसंच लिहा: ‘२० बॅग्ज हॅव बीन रिसीव्ड. द कंटेंट्स हॅव नॉट येट बीन चेक्ड.’ दोन छोटी वाक्यं. मिळालं हे कबूल, चांगलं मिळालं हे अजून कबूल नाही.

*काइंडली.* ‘युवर ऑर्डर हॅज बीन काइंडली डिस्पॅच्ड’ लिहू नका. काइंडली हा विनंतीचा शब्द आहे, ‘काइंडली कन्फर्म’. झालेल्या कामाला तो लावला तर ‘मी कृपा करून तुमचा माल पाठवला’ असा अर्थ होतो.

*सक्सेसफुली.* बँकेच्या, ॲपच्या मेसेजमुळे हा शब्द सगळीकडे घुसला आहे. मशीनसाठी ठीक आहे, कारण तिथे व्यवहार फेल होऊ शकतो. तुम्ही ‘द गुड्स हॅव बीन सक्सेसफुली डिस्पॅच्ड’ लिहिलंत तर माहितीत भर काहीच पडत नाही. काढून टाका.

तारीख आली की ‘हॅज बीन’ जातं

मराठी माणसाची सर्वात पक्की चूक ही. आपल्याकडे ‘काल माल पाठवला आहे’ हे वाक्य अगदी बरोबर आहे. म्हणून आपण लिहितो, ‘द गुड्स हॅव बीन डिस्पॅच्ड येस्टरडे’. इंग्रजीत हे चूक.

इंग्रजीत प्रेझेंट परफेक्ट म्हणजे ‘आत्तापर्यंत’चा हिशेब. संपलेली वेळ, म्हणजे काल, मागच्या आठवड्यात, ५ जूनला, सकाळी १० वाजता, अशी ठरावीक वेळ सांगितली की काळ साधा भूतकाळ होतो, आणि ‘हॅज बीन’च्या जागी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ येतं.

चूक: ‘द गुड्स हॅव बीन डिस्पॅच्ड ऑन ५ जून.’
बरोबर: ‘द गुड्स वेअर डिस्पॅच्ड ऑन ५ जून.’

मग कोणते शब्द ‘हॅज बीन’सोबत चालतात? ऑलरेडी, जस्ट, रिसेंटली, नॉट येट, सो फार, टू डेट, सिन्स. या सगळ्यांचं दुसरं टोक ‘आज’ला बांधलेलं आहे. येस्टरडे, लास्ट वीक, ऑन ५ जून यांचं टोक ‘आज’ला बांधलेलं नाही.

हा फरक नुसता व्याकरणाचा नाही. व्यवसायाच्या मेलमध्ये दोन गोष्टी लागतात: एक, घटना कधी घडली, दोन, आज स्थिती काय आहे. पहिलीसाठी ‘वॉज’ आणि तारीख. दुसरीसाठी ‘हॅज बीन’ आणि योग्य क्रियाविशेषण. दोन्ही एकामागे एक लिहायची सवय लावा:

‘द गुड्स वेअर डिलिव्हर्ड ऑन ७ जून. द पेमेंट हॅज नॉट येट बीन रिसीव्ड.’

एवढ्या दोन वाक्यांत तुमची पूर्ण केस आहे.

कायद्यातल्या तारखा आणि तुमचं वाक्य

एमएसएमईडी कायदा २००६ सालचा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, आणि ही ठरलेली मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर मुदत १५ दिवसांची. मुदत चुकली तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं.

आता ‘माल स्वीकारला’ म्हणजे कधी? खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल ज्या दिवशी पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा दिवस धरला जातो. लेखी हरकत घेतली, तर ती हरकत तुम्ही दूर कराल तो दिवस.

म्हणजे दोन गोष्टी तुमच्याकडे लेखी असायला हव्यात: माल कधी पोचला, आणि हरकत आली की नाही. आपल्या उदाहरणात माल ७ जूनला पोचला, १५ दिवस २२ जूनला संपले. मग २३ जूनला एक साधा मेल जायला हवा:

‘२० बॅग्ज वेअर डिलिव्हर्ड ऑन ७ जून. नो ऑब्जेक्शन इन रायटिंग हॅज बीन रिसीव्ड टू डेट. द पेमेंट इज ड्यू ऑन ७ जुलै.’

पहिल्या वाक्यात तारीख, म्हणून ‘वेअर’. दुसऱ्यात आजपर्यंतची स्थिती, म्हणून ‘हॅज बीन’ आणि शेवटी ‘टू डेट’. तिसऱ्यात पुढची तारीख. या मेलमध्ये कुणावर आरोप नाही, धमकी नाही, कुठेही उद्धटपणा नाही. पण वाद झाला तर हा मेल तुमच्या बाजूने उभा राहतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी वेळेवर, म्हणजे व्यवहाराच्या आधी केलेली असावी. आणि जे फक्त तयार माल घेऊन विकतात त्या व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिरा पेमेंटची ही कलमं त्यांना लागू धरलेली नाहीत. हळद दळून पावडर करणारा उत्पादक आहे, तयार पाकिटं आणून विकणारा व्यापारी. तुम्ही कुठे बसता ते तुमच्या सीएला विचारून घ्या.

पॅसिव्ह कधी, आणि कधी नाही?

‘यू हॅव नॉट पेड’ आणि ‘द पेमेंट हॅज नॉट येट बीन रिसीव्ड’. गोष्ट एकच. पहिल्यात बोट समोरच्याच्या छातीवर आहे. दुसऱ्यात बोट कागदावर आहे. मेल वाचणारी अकाउंट्समधली ताई बहुतेक वेळा पैसे अडवणारी नसते. तिलाही वरून मंजुरी लागते. तिला दुखावून काय मिळणार? म्हणून पहिल्या आठवणीला पॅसिव्ह.

पण तीन ठिकाणी पॅसिव्ह सोडा.

एक, चूक आपल्या बाजूची असेल तेव्हा. ‘अ राँग इन्व्हॉइस हॅज बीन इनकरेक्टली सेंट’ म्हटलं की वाटतं, बिल आपल्या पायाने चालत गेलं. शिवाय ‘राँग’ आणि ‘इनकरेक्टली’ एकाच वाक्यात दोनदा तेच. सरळ लिहा: ‘वुई सेंट यू द राँग इन्व्हॉइस. द करेक्ट वन इज अटॅच्ड.’ गिऱ्हाइकाचा विश्वास यानेच वाढतो.

दोन, तुम्ही काय करणार हे सांगताना. ‘द रिप्लेसमेंट विल बी सेंट’पेक्षा ‘वुई विल सेंड द रिप्लेसमेंट बाय फ्रायडे’ जास्त भरवशाचं.

तीन, शेवटच्या आठवणीत. तेव्हा कोणी काय करायचं ते स्पष्ट हवं.

आणि ‘रिपीटेडली’ शब्दापासून लांब राहा. ‘यू हॅव बीन रिपीटेडली रिमाइंडेड’ हा शब्द भांडणाचा आहे, आणि भांडण करूनही माहिती काहीच देत नाही. किती वेळा? कधी? तारखा मोजून द्या: ‘रिमाइंडर्स वेअर सेंट ऑन ९ जुलै अँड १६ जुलै.’ आरोपापेक्षा तारीख जड पडते.

आता तिन्ही मेल एका रांगेत

पुढे सगळीकडे तुमचा बिल नंबर आणि पर्चेस ऑर्डर नंबर विषयाच्या ओळीत घाला.

*९ जुलै, पहिली आठवण:*
‘द गुड्स वेअर डिलिव्हर्ड ऑन ७ जून. द पेमेंट ऑफ ६०,००० रुपीज वॉज ड्यू ऑन ७ जुलै अँड हॅज नॉट येट बीन रिसीव्ड. इफ इट हॅज ऑलरेडी बीन मेड, प्लीज शेअर द यूटीआर नंबर.’

*१६ जुलै, दुसरी आठवण. समजा मधे २०,००० आले:*
‘थँक यू फॉर द पेमेंट ऑफ २०,००० रुपीज, विच वॉज रिसीव्ड ऑन १४ जुलै. द इन्व्हॉइस हॅज नॉट येट बीन फुली पेड. ४०,००० रुपीज आर पेंडिंग. प्लीज कन्फर्म द डेट ऑफ पेमेंट.’

बघा, आता ‘नॉट फुली’ बरोबर ठिकाणी आला, कारण आता खरंच काही रक्कम आली आहे. आणि पैसे आल्याची पोच आधी दिली आहे. तो हिशेबही आहे आणि रीतही.

*२३ जुलै, शेवटची आठवण. ७ जूनपासूनचे ४५ दिवस २२ जुलैला संपले:*
‘रिमाइंडर्स वेअर सेंट ऑन ९ जुलै अँड १६ जुलै. ४०,००० रुपीज स्टिल हॅव नॉट बीन पेड. वुई आर अ स्मॉल एंटरप्राइज रजिस्टर्ड अंडर उद्यम. प्लीज पे द बॅलन्स बाय ३० जुलै. आफ्टर दॅट डेट, वुई विल क्लेम इंटरेस्ट अंडर सेक्शन १६ ऑफ द एमएसएमईडी ॲक्ट, २००६.’

नोंदणी सूक्ष्म उद्योगाची असेल तर ‘स्मॉल’च्या जागी ‘मायक्रो’. इथे ‘स्टिल’ आला, ‘वुई’ आला, मागणी कर्तरी प्रयोगात आली. आवाज चढवला नाही, पण पायरी चढली. यानंतरचा रस्ता फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करण्याचा आहे. त्या आधी सीएशी बोला, आणि हे गिऱ्हाईक आपल्याला पुढे हवं आहे का, याचाही विचार करा. तो निर्णय व्याकरण घेऊ शकत नाही.

पाठवण्याआधी चार प्रश्न

१. ‘बीन’ आहे का, आणि त्याच्या आधी हॅज किंवा हॅव आहे का?
२. ‘कधी’चा शब्द बीनच्या आधी आणि ‘किती, कसं’चा शब्द बीनच्या नंतर आहे का?
३. वाक्यात संपलेली तारीख आहे का? असेल तर ‘वॉज’ किंवा ‘वेअर’.
४. फुली, पार्शली, ओन्ली यांतला शब्द वापरला असेल तर शेजारी आकडा आहे का?

घरचा अभ्यास

ही पाच वाक्यं दुरुस्त करा. उत्तरं खाली आहेत, पण आधी स्वतः लिहा.

१. ‘ऑलरेडी युवर ऑर्डर इज बीन पॅक्ड.’
२. ‘द सॅम्पल्स हॅव बीन सेंट लास्ट मंडे.’
३. ‘पेमेंट हॅज नॉट रिसीव्ड टिल नाऊ.’
४. ‘द बॉक्सेस हॅव प्रॉपर्ली नॉट बीन सील्ड.’
५. ‘८ बॅग्ज हॅव ओन्ली बीन डिलिव्हर्ड.’ इथे म्हणायचं आहे, फक्त ८ च बॅगा आल्या.

उत्तरं:

१. ‘युवर ऑर्डर हॅज ऑलरेडी बीन पॅक्ड.’
२. ‘द सॅम्पल्स वेअर सेंट लास्ट मंडे.’
३. ‘द पेमेंट हॅज नॉट येट बीन रिसीव्ड.’ ‘टिल नाऊ’ आपल्या ‘आत्तापर्यंत’चं शब्दशः भाषांतर आहे, मेलमध्ये ‘नॉट येट’ किंवा ‘टू डेट’ वापरा.
४. ‘द बॉक्सेस हॅव नॉट बीन प्रॉपर्ली सील्ड.’
५. ‘ओन्ली ८ बॅग्ज हॅव बीन डिलिव्हर्ड.’

पाचही बरोबर आली असतील तर आता तुमच्या सेंट फोल्डरमध्ये जा. मागच्या महिन्यात पाठवलेले पेमेंटचे मेल उघडा आणि वरचे चार प्रश्न त्यांना लावून पाहा. एखाद्या थकलेल्या बिलाचा मेल सापडला, तर आजच नीट वाक्यात पुन्हा पाठवा. अभ्यासही होईल, वसुलीही.

पुढच्या भागात कोटेशनचं इंग्रजी घेऊ. भेटूया.